घाई कोणाची : पिशवीची की नळीची?

प्रथम एक कोडे घालतो. हत्तीच्या मूत्राशयात सुमारे १८ लिटर मूत्र मावते, म्हणजे एक मोठी बादली काठोकाठ. मांजराच्या मूत्राशयात मावते चमचाभर, जेमतेम ५ मि.लि. हत्तीची पिशवी मांजराच्या पिशवीच्या ३६०० पट मोठी झाली. तर मग ती रिकामी करायला हत्तीला मांजराच्या किती पट वेळ लागत असेल?

उत्तर असे, की दोघांनाही जवळजवळ सारखाच वेळ लागतो! अमेरिकेतील अटलांटा शहरी जॉर्जिया टेक या संस्थेतील पॅट्रिशिया यांग, डेव्हिड हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांचे चित्रण करून हा वेळ मोजला. ३ किलोपेक्षा अधिक वजनाच्या सस्तन प्राण्यांना मूत्राशय रिकामे करायला सरासरी २१ सेकंद लागतात. कोणाला दहा, कोणाला तीस, पण प्राणी हजारपट मोठा म्हणून वेळ हजारपट होत नाही. हे संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी त्याला 'इग नोबेल' हे पारितोषिक मिळाले. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी हे पारितोषिक असते. तुम्हीही आता हसला असाल, तेव्हा विचाराकडे वळू.

हे घडते मूत्रमार्गामुळे. मूत्रपिंडांत तयार झालेले मूत्र दोन मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात उतरते आणि तेथून जी एकच नळी शरीराबाहेर उघडते, तिला मूत्रमार्ग म्हणतात. या लेखात पिशवी म्हणजे मूत्राशय आणि नळी म्हणजे मूत्रमार्ग, असे समजून चालू. हत्तीची ही नळी सुमारे १ मीटर लांब असते. उभ्या नळीत द्रव भरलेला असला की त्या उंचीचा दाब खालच्या तोंडाशी मिळतो आणि धार जोराने बाहेर पडते. प्राणी मोठा, तशी नळी रुंदही आणि लांबही. रुंदीमुळे अधिक द्रव जातो, लांबीमुळे तो अधिक वेगाने जातो. हिशेब केला, तर प्राण्याचे वजन ६४ पट वाढले की वेळ केवळ दुप्पट होतो, असे निघते.

पटत नसेल तर घरी करून पाहा. ओट्यावरच्या पिंपाची तोटी पूर्ण उघडून बादली किती सेकंदांत भरते ते मोजा. मग त्याच तोटीला मीटरभर लांबीची, चांगल्या रुंद छिद्राची रबरी नळी घट्ट बसवा. तिचे दुसरे टोक खाली बादलीत सोडा आणि पुन्हा मोजा. पिंपातील पाण्याची पातळी दोन्ही वेळा सारखी हवी. नळीत वाटेत घर्षण असूनही बादली लवकर भरते. आमच्या सिरसाळ्यासारख्या गावात आणखी एक प्रयोग फुकटात होतो. हातात घड्याळ घेऊन गोठ्याशी बसा आणि गाय, म्हैस, शेळी यांच्या वेळा नोंदवा. बैलाला मात्र या मोजणीतून वगळा. त्याची नळी वाटेत नागमोडी वळण घेते, आणि धार एकसंध न येता थांबत थांबत येते. चालत्या बैलामागे धुळीत उमटणाऱ्या वेड्यावाकड्या रेघेला आपल्या पूर्वजांनी 'गोमूत्रिका' असे नाव दिले, ते याच निरीक्षणावरून.

इथपर्यंत नळी म्हणजे निव्वळ एक नळी होती. पाणी येते, पाणी जाते, बेर्नूली आणि टॉरिचेली यांची समीकरणे लागू पडतात. माझ्यासारख्या भौतिकीच्या शिक्षकाला इथेच थांबायला आवडले असते. पण माणसाच्या शरीरात ही नळी आणखी दोन कामे करते. एक झडपेचे. दुसरे निरोप्याचे. आज मला मुख्यतः सांगायचे आहे ते या दुसऱ्या कामाविषयी, कारण त्याची माहिती नसल्यामुळे कितीतरी माणसे विनाकारण शरमेत दिवस काढतात.

परळीहून सिरसाळा, तेलगाव, वडवणी असे करीत बीडला जाणाऱ्या एस.टी.त कधी नीट पाहा. एखादी वयस्क बाई सकाळपासून पाण्याचा घोट न घेता बसलेली असते. तालुक्याच्या कामाला, लग्नाला, दवाखान्याला निघायचे म्हटले की तिचा पहिला विचार 'वाटेत सोय कुठे आहे' हा असतो. वर्गातही असा एखादा विद्यार्थी असतो. तो तासाला दोनदा हात वर करतो, मुले हसतात आणि मास्तर 'खाली बस' म्हणतात. या दोघांविषयी लोकांची समजूत एकच : यांची पिशवी लहान आहे, नाहीतर यांना सवय नाही. खरोखर तसे असते काय? उत्तर शोधायचे तर पिशवीपासून सुरुवात केली पाहिजे.

सुश्रुतसंहितेत मूत्राशयाला दुध्या भोपळ्याची उपमा दिली आहे. पातळ कातडीची, एकच दार असलेली आणि तोंड खाली केलेली ही पिशवी. उपमा आजही चपखल वाटते. (ही पिशवी भरते कशी, याविषयी मात्र सुश्रुताची कल्पना वेगळी होती. गळ्यापर्यंत पाण्यात बुडवलेला नवा घडा जसा अंगाने झिरपून भरतो, तशी ती भरते असे त्याने म्हटले आहे. मूत्रवाहिन्यांचे काम तेव्हा कळलेले नव्हते. पण माठ पाझरतो हे पाहून केलेले अनुमान म्हणून ते कौतुकास्पदच आहे.) मोठ्या माणसाच्या या भोपळ्यात ४०० ते ५०० मि.लि. मूत्र सहज मावते. लहान मुलांसाठी डॉक्टर एक सोपा हिशेब वापरतात. वयाच्या वर्षांत १ मिळवा आणि ३० ने गुणा. दहा वर्षांच्या मुलाचे उत्तर येते ११ गुणिले ३०, म्हणजे ३३० मि.लि. साधारण बारा वर्षांपर्यंत हा आडाखा जमतो.

मूत्रपिंडे दिवसाला सुमारे दीड लिटर, म्हणजे मिनिटाला सरासरी १ मि.लि. मूत्र तयार करतात. फुग्यात पाणी भरत गेलो तर तो ताणला जातो आणि आतून विरोध करतो. मूत्राशयाचे तसे नाही. त्याच्या भिंतीतील स्नायू भरताना सैल पडत जातो. त्यामुळे ३०० मि.लि. मूत्र साठले तरी आतला दाब पाण्याच्या १० सें.मी. उंचीच्या स्तंभाएवढाच, बहुधा त्याहूनही कमी राहतो. दहा मीटर उंच टाकीखालच्या नळाशी हाच दाब १००० सें.मी. असतो, यावरून कल्पना करा. पिशवी अगदी शांत असते. ती रिकामी होण्याच्या वेळी मात्र तिचा स्नायू आकुंचन पावतो आणि दाब ४० सें.मी.च्या आसपास जातो.

आता नळीकडे या. पुरुषात ती १८ ते २० सें.मी. लांब असते, स्त्रीत अवघी ४ सें.मी. तिच्याभोवती कडीसारखे स्नायू असतात. त्यांना परिसंकोची स्नायू म्हणतात. आतली कडी आपोआप काम करते. बाहेरची आपल्या इच्छेने आवळता किंवा सोडता येते. या सर्वांच्या आवळण्यामुळे तरुण वयात नळी ५० ते ९० सें.मी. दाबाने मिटलेली असते. पिशवीत १०, नळीत ५०. मग मूत्र बाहेर येण्याचे कारणच नाही. बुच पक्के आहे.

पण तुम्ही खोकलात किंवा पाण्याने भरलेली घागर उचललीत, तर पोटातला दाब क्षणात १०० सें.मी.वर जाऊ शकतो. मग सगळ्यांचेच मूत्र का सांडत नाही? याचे कारण मोठे मजेचे आहे. नळीचा वरचा भाग पोटातल्या दाबाच्याच कक्षेत असतो. त्यामुळे खोकल्याचा दाब पिशवीवर पडतो तसाच तो नळीवरही पडतो आणि तिला बाहेरून अधिक मिटवतो. ढकलणाराच दारही लोटून धरतो म्हणा ना! बाळंतपणांनंतर किंवा वयाने कटीच्या तळाचे स्नायू सैल पडले, की नळी थोडी खाली घसरते. तिला हा आधार पुरेसा मिळत नाही आणि खोकल्यासरशी चार थेंब निसटतात.

साठवणे आणि सोडणे या दोन कामांत पिशवी व नळी यांचा मेळ कसा बसतो, हे सांगायला मला आपल्या मराठवाड्यातल्या मोटेहून चांगला दाखला सापडत नाही. तुम्ही मोट पाहिली नसेल, आजोबांना विचारा. चामड्याच्या मोटेला खाली एक सोंड असे. मोट ओढायला जाड नाडा आणि सोंड धरायला बारीक सोंदूर, असे दोन दोर एकाच वेळी बैल ओढीत. मोट विहिरीतून वर येईपर्यंत सोंदुराने सोंड उचलून धरलेली असे, म्हणून पाणी सांडत नसे. मोट वर येताच सोंड थारोळ्यात पसरे आणि पाणी धो धो बाहेर पडे. सोंद्राची लांबी चुकली तर पाणी विहिरीतच सांडायचे, नाहीतर वर येऊनही मोट रिकामी व्हायची नाही. शरीरातही हेच आहे. साठवताना पिशवी सैल आणि नळी आवळलेली. सोडताना आधी नळी सैल होते आणि मग पिशवी आकुंचन पावते. हा क्रम लक्षात ठेवा. आधी नळी, मग पिशवी.

मोटेवर दोन्ही दोरांचा अंदाज मोटकऱ्याला असे. शरीरातला मोटकरी कोण? लंडनचे शल्यविशारद एफ. जे. एफ. बॅरिंग्टन यांनी १९२५ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले, की मेंदूच्या देठात, ज्याला सेतू म्हणतात त्या भागात, मूत्रविसर्जनाचे केंद्र असते. पिशवी भरली की तिच्या भिंतीतील मज्जातंतू मेरुरज्जूमार्गे वर निरोप धाडतात. मोठा मेंदू परिस्थिती पाहून 'थांब' किंवा 'चालू दे' असे ठरवतो आणि सेतूतील केंद्र दोन्ही दोर एकदम हलवते.

त्याच बॅरिंग्टन यांनी आणखी एक गोष्ट टिपली आणि आपला विषय खरा इथे सुरू होतो. मांजराच्या मूत्रमार्गातून नुसते पाणी वाहू दिले, तरी तिकडे मूत्राशय आकुंचन पावू लागते! म्हणजे नळीच्या अस्तरात मज्जातंतू आहेत. 'येथून द्रव वाहतो आहे' अशी बातमी ते देतात. आणि ती बातमी पोचताच पिशवी जोर करते. ही एक प्रतिक्षिप्त क्रिया आहे. गरम तव्याला लागलेला हात आपण विचार न करता मागे घेतो, त्याच जातीची.

निसर्गाने ही सोय कशासाठी केली असेल? विचार करा. धार सुरू झाली आणि पिशवी अर्ध्यातच दमली, तर उरलेले मूत्र आत साचून राहील आणि जंतूंना आयते घर मिळेल. त्यामुळे धार वाहते आहे तोवर नळीच पिशवीला म्हणत राहते, 'अजून आहे, अजून ढकल.' धार थांबली की निरोप थांबतो. कारखान्यातल्या यंत्रांना अशी व्यवस्था बसवायला माणसाला फार बुद्धी खर्चावी लागली. तिला पुनःप्रदाय म्हणतात. इथे ती जन्मजात आहे.

पण हाच निरोप चुकीच्या वेळी गेला तर?

समजा एखाद्या बाईच्या पिशवीचे तोंड किंचित सैल आहे. ती बाजेवरून उठते किंवा खोकते. दोन-चार थेंब नळीच्या वरच्या भागात उतरतात. बाहेर काहीच येत नाही, तिला कळतही नाही. पण नळीचे मज्जातंतू ते टिपतात आणि प्रामाणिकपणे बातमी देतात : 'धार सुरू झाली.' पिशवी अर्धीही भरलेली नाही, तरी ती आकुंचन पावू लागते. त्या बाईला अचानक, आवरता येणार नाही अशी घाई होते. १९९९ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत या तर्काला बळ मिळाले. मूत्रमार्गात द्रवाचा प्रवाह सुरू ठेवला की मूत्राशयाची आकुंचने वाढत आणि मूत्रमार्ग औषधाने बधिर केला की ती मंदावत. खोकल्यासरशी मूत्र निसटण्याचा त्रास असलेल्या काही स्त्रियांत नळीला आधार देणारी शस्त्रक्रिया केल्यावर घाईचा त्रासही कमी होतो, असे डॉक्टरांना आढळले आहे. पिशवीला कोणी हात लावलेला नसतो! सर्वच रुग्णांत असे होत नाही. काहींत घाई तशीच राहते. म्हणजे नळी हे एक कारण आहे, एकमेव कारण नव्हे, एवढे नक्की.

अशा त्रासाला वैद्यकात अतिक्रियाशील मूत्राशय म्हणतात. २००२ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेल्या व्याख्येनुसार त्याची मुख्य खूण एकच : अचानक येणारी, पुढे ढकलण्यास कठीण अशी घाई. तिच्या जोडीला बहुधा दिवसा वारंवार आणि रात्री झोपेतून उठून जावे लागते. कधी पोचण्यापूर्वीच कपडे ओले होतात. जंतुसंसर्गासारखे दुसरे उघड कारण मात्र नसले पाहिजे. अमेरिका, कॅनडा व युरोपातील काही देश येथील मोठ्या पाहण्यांत प्रौढांपैकी शेकडा १२ ते १७ जणांना हा त्रास असल्याचे दिसले. तुमच्या ओळखीच्या शंभर मोठ्या माणसांचा विचार करा. त्यांच्यापैकी कितीजण याविषयी कधी बोलले आहेत?

मला 'अतिक्रियाशील मूत्राशय' हे नाव थोडे अन्यायाचे वाटते. सगळा आळ त्यात पिशवीवर येतो. म्हाताऱ्या पुरुषांचेच पाहा. त्यांच्या नळीभोवतीची प्रोस्टेट ग्रंथी वयाबरोबर वाढते आणि नळीला दाबते. प्वाझय याच्या नियमानुसार नळीचे छिद्र निम्मे झाले की प्रवाहाला विरोध १६ पट होतो. मूत्रमार्ग काही काचेची ताठ नळी नव्हे, त्यामुळे हा आकडा तिथे तंतोतंत लागू होत नाही. पण रोख कळतो. हा वाढीव विरोध मोडायला पिशवीचा स्नायू वर्षानुवर्षे जास्त जोर करतो, जाड होतो आणि शेवटी चिडखोर बनतो. मग तो अवेळीही आकुंचन पावू लागतो. घाई पिशवीत जाणवते, पण भांडणाचे मूळ इथेही नळीच आहे. इतर कितीतरी रुग्णांत मात्र दोष मेंदूच्या किंवा मेरुरज्जूच्या निरोपात असतो, किंवा खुद्द स्नायूतच असतो.

नळीचा निरोप उलट दिशेनेही उपयोगी पडतो आणि ही या विषयातली सर्वांत सुखद गोष्ट आहे. बाहेरची कडी आणि कटीच्या तळाचे स्नायू आपण जोराने आवळले, की 'दार बंद आहे' असा निरोप मेरुरज्जूत जातो आणि पिशवीचे आकुंचन शांत होऊ लागते. म्हणजे आवळण्याने केवळ बुच घट्ट होत नाही, आत ढकलणाराही थोपतो. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंचा व्यायाम सांगितला, तो आज जगभर शिकवला जातो.

लहान मुलांना तर ही युक्ती कोणी न शिकवता सापडते. काही मुली खेळता खेळता एकदम थांबतात, एक पाय मुडपून टाचेवर बसतात, क्षणभर स्तब्ध राहतात आणि पुन्हा खेळायला पळतात. मोठ्यांना वाटते, पायात काटा मोडला असेल. एस. ए. व्हिन्सेंट या डॉक्टरांनी १९६६ मध्ये याचा अर्थ उलगडून सांगितला. मुलीच्या पिशवीत अवेळी आकुंचन आलेले असते आणि टाचेने ती नळी बाहेरून दाबून ते परतवून लावत असते. शिक्षकांनी अशी मुलगी पाहिली तर ती नाटक करते आहे असे समजू नये. तिने शरीरशास्त्राचा एक बारकावा स्वतःच शोधून काढलेला असतो आणि तिला डॉक्टरांना दाखवण्याची गरज असते. अशा मुलांपैकी पुष्कळांना बद्धकोष्ठ असतो. भरलेले मोठे आतडे शेजारच्या पिशवीला ढोसत राहते. तो दूर केला तरी बरीच मुले सुधारतात.

या सगळ्यात मेंदूचाही खोडकरपणा असतो. घरापाशी येऊन कुलपात किल्ली घातली की ज्यांना एकदम घाई होते, अशी माणसे तुम्हाला भेटतील. नळाच्या धारेचा आवाज ऐकून होते तेही तेच. पाव्हलॉवच्या कुत्र्याला घंटा ऐकून लाळ सुटे, त्यातलाच हा प्रकार. दार, आवाज आणि मूत्रविसर्जन यांची मेंदूत गाठ बसलेली असते. बसलेली गाठ सोडवताही येते, म्हणून डॉक्टर अशा रुग्णांना औषधाआधी शिकवणी देतात. घाई आली की धावू नका, कारण धावण्याने पिशवी हिंदकळते आणि मन 'आता गेलेच' असे धरून बसते. जागच्या जागी थांबा. कटीचे स्नायू पाच-सहा वेळा झटझट आवळा-सोडा. घाई लाटेसारखी असते. ती चढते आणि ओसरते. ओसरली की सावकाश चालत जा. दोन वेळांमधील अंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवत नेले, तर काही महिन्यांत अनेकांना चांगला फरक पडतो. एवढ्याने भागले नाही तर औषधे आहेत, आणि पाठीच्या तळाशी असलेल्या मज्जातंतूंना बारीक विद्युत्स्पंद देणारे छोटे यंत्रही आहे. अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. चहा कमी करावा हेही खरे. मात्र सगळेच पाणी तोडणे हा उपाय नव्हे. मूत्र घट्ट झाले की पिशवीला ते अधिक झोंबते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात मूतखड्याचे भय वाढते, ते वेगळेच.

इथे शिक्षकमंडळींना थोडे थांबवतो. घाई पुढे ढकलायला शिकणे आणि जबरदस्तीने तास न् तास धरून ठेवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात माणूस शांत आहे आणि जायची मोकळीक त्याच्या हाती आहे. दुसऱ्यात भीती आहे. शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह नाही, किंवा आहे पण कडी नाही, पाणी नाही, म्हणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत धरून ठेवणाऱ्या मुली आपल्याकडे आजही आहेत. दररोज दार आवळून धरण्याची इतकी सवय होते, की प्रत्यक्ष बसल्यावरही बाहेरची कडी पुरती सैल होत नाही. पिशवी ढकलते आहे, नळी आवळते आहे. सोंदूर सैल न करता मोट रिकामी करण्याचा हा प्रकार! धार तुटक येते, थोडे मूत्र आत उरते, जंतुसंसर्ग होतो, आणि संसर्गाने पुन्हा घाई लागते. आपल्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गोष्ट याहून कठीण. फडाच्या कडेला आडोसा नाही म्हणून पाणीच प्यायचे नाही, हा त्यांच्यातल्या अनेकींचा रोजचा नियम असतो. मुंबईसारख्या महानगरातही २०११ साली 'राइट टू पी' ही चळवळ उभी करावी लागली. पुरुषांना मुताऱ्या फुकट, आणि बायकांना पैसे मोजावे लागत, हे त्या चळवळीने चव्हाट्यावर मांडले.

केरळातील काही शाळांनी २०१९ मध्ये पाणी पिण्याची घंटा सुरू केली. ठरलेल्या वेळी घंटा होते आणि सगळा वर्ग पाणी पितो. कल्पना उत्तमच. पण मिनिटाला १ मि.लि.चा हिशेब तुम्ही आता शिकलाच आहात. पाण्याच्या घंटेनंतर दोन-अडीच तासांनी दुसरी एक घंटा आपोआप वाजणार, आणि तिच्यासाठी दाराला कडी असलेली जागा लागणार.

वारंवार जावे लागणाऱ्या प्रत्येकाला अतिक्रियाशील मूत्राशयच असते असे मात्र मुळीच समजू नका. मूत्र करताना जळजळ होते, ताप येतो, मूत्रात रक्त दिसते, तहान आणि मूत्र दोन्ही फार वाढले आहेत, किंवा पूर्वी कधी नव्हते आणि आताच मूल अंथरूण ओले करू लागले आहे, तर संसर्ग, मधुमेह असे दुसरे काही असू शकते. मग विलंब न करता दवाखाना गाठावा.

दवाखान्यात चांगला डॉक्टर पहिल्यांदा एक वही मागतो. तीन दिवस प्रत्येक वेळची वेळ लिहायची आणि मापाच्या भांड्यात मोजून मूत्राचे मान लिहायचे. आकडे कसे बोलतात ते पाहा. समजा एका माणसाच्या वहीत दिवसभर दर तासाला ८०, ६०, ९०, ७० मि.लि. अशा नोंदी आहेत. नुसत्या या नोंदी पाहिल्या तर कोणीही म्हणेल, याची पिशवी लहान आहे. पण सकाळी उठल्याबरोबरची नोंद आहे ३८० मि.लि. रात्री अंथरुणात आडवे असताना आणि मेंदू झोपलेला असताना याच पिशवीत ३८० मि.लि. मूत्र निवांत साठले होते. पिशवीला जागा भरपूर आहे. दिवसाची ती तासागणिक घाई दुसरीकडूनच येत असली पाहिजे, आणि डॉक्टर तपासणी तिथून सुरू करतात.